झाकणाच्या आत

बाजूच्या मोबाइलवाल्या पोरानं, प्रफुल्ल ढोंगेनं,
काउंटरवर फोन ठेवला. म्हणाला, काका, पाहा न जरा,
सिनेमातल्या हिरोच्या हातातली घडी लिलावात आली,
सदतीस हजारावर गेली, अजून चार तास बाकी.
मी आधी हात पुसले. सवय आहे.

पहिला फोटो सिनेमाचा.
हिरो जीपच्या बॉनेटला टेकून सिगारेट पेटवतो,
मनगट बरोबर उजेडात.
दुसरा घडीचा, लाल मखमलीवर.
खाली गोल शिक्का, सही, आणि इंग्रजीत एक लांब कहाणी.
पोरगा वाचून सांगत होता, मी ऐकत नव्हतो.
मी तबकडी पाहत होतो.

मोठी कर, म्हटलं. अजून. बस.
बारावरचे दोन दांडे नव्यानं रंगवलेले,
शाई सायीसारखी जाड बसलेली.
सातच्या शेजारी एक ठिपका ओळ सोडून घसरला आहे;
कारखान्यातून असा ठिपका बाहेर पडत नाही.
आता हिरोचं मनगट मोठं कर.
त्याच्या घडीत तीनच्या जागी नुसता आकडा,
आणि मखमलीवरच्या घडीत तारखेची खिडकी.
सिनेमा झाल्यावर कोणी भिंत फोडून खिडकी बसवत असेल
तर मी तरी तसा गवंडी पाहिला नाही.

मंग खोटी हाये का काका?
घडी खोटी कशी होईन बे, चालून राह्यली न.
थापा दुसराच कोनी मारून राह्यला.

शेवटचा फोटो झाकणाच्या आतला.
तिथे गिऱ्हाईक पाहत नाही. तिथे आम्ही लिहितो,
सुईनं, तांदळाच्या कणीएवढं:
कोणी उघडली, कधी उघडली,
म्हणजे पुढच्या कारागिराला कळावं
की आपल्या आधी इथे कोणी डोळे फोडून गेलं आहे.
मी डोळ्याला भिंग लावलं. फोनवर भिंग! पोरगा हसला.
मा. दि.
खाली ९-११-८६.
नऊच्या शेपटीला तोच वाकडेपणा
जो आजही बिलावर येतो.

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या,
मंडईचे दिवस, गावोगाव रात्रभर नाटकं,
आणि आरमोरीच्या या दुकानात, अजून टिनाचंच होतं तेव्हा,
गोमाजी बुराडे उभा.
रात्री वडशाच्या कंपनीत राजा,
दिवसा जंगल खात्यात रोजंदारी.
मारोतभाऊ, म्हणाला, घडी बंद पडली तं माही एन्ट्री चुकते जी.
राजाच्या हाताला घडी कशी, म्हणून
मनगटावर शेला गुंडाळून उभा राहायचा.
पण तलवार उपसली की शेला सुटायचा
आणि मागच्या अंधारातून कोणीतरी हाक द्यायचं,
महाराज, किती वाजले जी?
एकदा त्यानं, छातीत भाला असताना,
मान वळवून मनगट पाहिलं आणि सांगितलं, पावणेचार.
मंडप पाच मिनिटं हसत होता
आणि तो तसाच, शिस्तीत, मेलेला पडून होता.

बॅलन्स बदलला होता मी. अकरा रुपये.
सात दिले. चार पुढच्या नाटकाला देतो म्हणाला.
पुढे ती घडी कोणी विकली,
लेकानं, जावयानं, की डब्याभांड्यांसोबत किलोवर गेली,
मला माहीत नाही.

प्रफुल्लनं विकणाऱ्याला लिहून विचारलं,
झाकणाच्या आत नाव कोणाचं आहे, साहेब?
चहा येईपर्यंत तेवढा एक फोटो निघून गेला.
बाकीचे तसेच. हिरो तसाच, सिगारेट तशीच.
बोली एक्केचाळीस हजार.

काका, अन् खरं सांगून विकली असती तं?
मी मनातल्या मनात मोजलं.
वडशाचा राजा, जंगल खात्यातला रोजंदार,
पावणेचारला मेलेला.
दीडशे, म्हटलं. पट्ट्यासकट.
त्यातले चार माहे.